मोती खुनशी आहे का? शाहूनगरातून आलेली दोन पत्रं

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं

या महिन्यात एकाच इमारतीतून, चार दिवसांच्या अंतराने, एकाच कुत्र्याबद्दल दोन पत्रं आली. दोन्ही थोडी आटोपशीर करून खाली देतो आहे. माणसांची नावं गाळली आहेत, कुत्र्याचं तेवढं ठेवलं आहे.

पहिलं पत्र

डॉक्टरसाहेब, आम्ही साताऱ्यात शाहूनगरला राहतो, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. २२ फ्लॅटची सोसायटी आहे आणि मी सेक्रेटरी आहे. आमच्या पार्किंगमध्ये चार-पाच वर्षांपासून मोती नावाचा कुत्रा राहतो. रंग तांबूस, तोंड काळं. पाळलेला कुणाचाच नाही, पण तळमजल्यावरच्या एक निवृत्त शिक्षिका त्याला दोन वेळ खायला घालतात. नसबंदी झालेली आहे, कानाला तशी खूण आहे. वर्षभरात तो सात जणांना चावला असं आमच्या ग्रुपवर लिहिलं गेलं. त्या सातांत माझा नऊ वर्षांचा मुलगा आहे. पोटरीला दात लागून रक्त आलं. लगेच धुऊन त्याच दिवशी सिव्हिलला नेलं, इंजेक्शनं पूर्ण केली.

आता पालिकेला द्यायचा अर्ज टाइप होऊन आलाय. ‘सदर कुत्रा खुनशी व पिसाळल्यासारखा असून त्यास तसे घोषित करून कायमचा उचलून न्यावा.’ सतरा सह्या झाल्या, अठरावी माझी. मुलाला चावला त्या रात्री मी डोळे मिटून सही केली असती. आज पेन उचलत नाही. माझा भाऊ अमेरिकेत व्हर्जिनियात असतो. तो म्हणतो, तिकडे असं ठरवायला कोर्टात सुनावणी होते. आपल्याकडे कोण ठरवतं? मी ठरवायचं का? आणि कशावरून? ग्रुपवर एकाने ‘औषध घालून विषय संपवा’ असंही लिहिलं. त्यावर तीन अंगठे आले. त्या अंगठ्यांची मला मोतीपेक्षा जास्त भीती वाटली.

दुसरं पत्र

आदरणीय डॉक्टर, मोतीला भाकरी घालणारी ती मीच. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलगा पुण्याला, सून नोकरीची, मी इथे एकटी. मोती माझ्या दाराशी झोपतो म्हणून मला रात्री झोप लागते. लोक म्हणतात, तुमचा कुत्रा आहे तर तुम्ही बांधा. मी म्हणते, तो माझा कुठे, तो तर सगळ्यांचा. माझ्या अंगावर तो एकदाही आलेला नाही. ज्या साताऱ्याने शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी माहुलीला जपली, तिथे एका मुक्या जीवाला जिन्याखाली जागा मिळू नये? तुम्ही दोन ओळी लिहून द्या की मोती निरुपद्रवी आहे. मी ते पत्र बैठकीत वाचून दाखवीन.

उत्तर

ताई, बाई, दोघींना एकत्रच लिहितो.

अंक छापून येईपर्यंत महिना जातो आणि अशा प्रकरणात महिना फार झाला. म्हणून पत्रं मिळताच ताईंना फोन करून अर्ज आणि बैठक थांबवायला सांगितली आणि एका मंगळवारी पहाटे साडेपाचला तुमच्या गेटाशी येऊन उभा राहिलो. पशुसंवर्धन खात्यात तेहतीस वर्षं काढली. जनावर न बघता त्याच्याबद्दल लिहून द्यायचं नाही, ही सवय त्या नोकरीत फार महागात पडून लागली. ते पुढे सांगतो.

आधी ते सात जण. ताईंना एकेकाचं नाव विचारत गेलो. दोघांना दात लागलेलाच नव्हता, ‘अंगावर आला’ एवढंच. एका घरातून एकच चावा नवऱ्याने एकदा आणि बायकोने एकदा असा दोनदा लिहिला गेला होता. राहिले चार: दूध टाकणारा मुलगा, सिलिंडर घेऊन आलेला माणूस, ताईंचा मुलगा आणि तिसऱ्या मजल्यावर धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी. चार चावे कमी आहेत असं मी म्हणत नाही. एका मुलाच्या पोटरीतून रक्त आलं एवढंच माझ्या दृष्टीने भरपूर आहे. पण चाराचे सात करून अर्ज दिला की खऱ्या चारांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता त्या पहाटेचं. बाईंनी सहाला दूध-भाकरीचं वाडगं आणलं आणि रोजच्यासारखं जिन्याखाली ठेवलं. मी पार्किंगच्या खांबाला टेकून बघत होतो. ती जागा तुम्ही दोघी रोज बघता, तरी सांगतो. जिन्याच्या पोटात एक कोनाडा झालाय. मागे भिंत, डावीकडे भिंत, उजवीकडे पाण्याच्या मोटरची पेटी, डोक्यावर जिन्याचा उतार. बाहेर पडायला एकच वाट, आणि त्याच वाटेने सगळी सोसायटी जिना चढते-उतरते. वाडग्यापासून पहिल्या पायरीपर्यंत मी चालून पाहिलं, माझी मोजून तीन पावलं.

मोती खाताना उजव्या मागच्या पायावर भार टाकत नव्हता. शेपटीकडून पाहिलं तर उजव्या खुब्याचं मांस डाव्यापेक्षा उतरलेलं स्पष्ट दिसतं. बसून उठताना तो पुढचे पाय ताठ करून क्षणभर थांबतो, मग मागचा भाग वर ओढतो. खुबा कधीतरी दुखावला आहे, बहुधा गाडीखाली सापडून, आणि तो अजून दुखतो. तेवढ्यात गेटाशी दुधाच्या कॅनची खणखण झाली. मोतीचं खाणं आधी भराभर झालं, मग एकदम थांबलं. मान वाडग्यावरच, पण अंग लाकडासारखं. डोळ्याचा पांढरा भाग कडेला दिसायला लागला. वरचा ओठ जरासा उचलला गेला. गुरगुर मात्र आली नाही.

त्या न आलेल्या गुरगुरीपाशी मी अडलो. वॉचमनला विचारलं तेव्हा उलगडा झाला. दिवाळीपासून त्याला सांगून ठेवलंय की मोती गुरगुरला की काठी हाण. त्याने ते काम इमानाने केलं. कुत्र्याने गुरगुरायचं बंद केलं आणि सगळ्यांना वाटलं, सुधारला. मी माझ्या पदरचं सांगतो, ही फार मोठी चूक झाली. गुरगुर म्हणजे कुत्र्याची भाषा आहे, ‘पुढे येऊ नका’ एवढाच तिचा अर्थ. ती मारून बंद केली की भीती जात नाही, सूचना तेवढी जाते. मग दात थेट लागतात आणि लोक म्हणतात, काही कारण नसताना चावला. काठी आजपासून बंद करा. तो गुरगुरला तर थांबा, मागे सरका, आणि तो कशाला गुरगुरला ते बघा.

चारपैकी तीन चावे त्या तीन पावलांत झालेत. दूधवाला वाडग्याशेजारून वर पळाला. सिलिंडरवाल्याने सिलिंडर फरशीवर घरंगळत आणला आणि तो मोतीच्या शेपटीवर गेला. ताईंचा मुलगा बॉल आणायला जिन्याखाली वाकला तेव्हा वाडगं भरलेलं होतं. कोंडीत असलेलं, दुखऱ्या खुब्याचं, खाताना हटकलेलं जनावर चावतं. बैल असता तर त्याने शिंग मारलं असतं. या तीन चाव्यांवरून मी मोतीला खुनशी म्हणणार नाही. खुनशी म्हणजे मनात डूख धरून, संधी साधून अंगावर येणारा. इथे डूख नाही, अडचण आहे.

बाई, हे तुमच्या बाजूने लिहिलं असं समजू नका. त्या कोनाड्यात वाडगं ठेवणारा हात तुमचा आहे.

ताईंनी व्हर्जिनियाचं विचारलं. तिथल्या कायद्यात दोन वेगळे शब्द आहेत. माणसाला चावून जखमी करणारा तो ‘धोकादायक’, आणि माणूस मारणारा, गंभीर जखमी करणारा किंवा एकदा धोकादायक ठरूनही तेच पुन्हा करणारा तो त्याहून वरचा, ज्याला आपण खुनशी म्हणू. ठरवतं कोर्ट. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे: कुत्रा दुखण्यामुळे चावला असेल, स्वतःला, पिल्लांना किंवा आपली जागा राखताना चावला असेल, किंवा समोरच्याने त्याला छळलं असेल, तर त्याला धोकादायक ठरवत नाहीत. केवळ अमुक जातीचा म्हणूनही ठरवत नाहीत. आणि धोकादायक ठरला तरी बहुतेक भार मालकावर येतो: नोंदणी, विमा, मुसकं, कुंपण.

आपल्याकडे सोसायटीने किंवा सेक्रेटरीने कुत्रा खुनशी ‘घोषित’ करण्याची सोय कायद्यात नाही. २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम लागू आहेत. त्यांप्रमाणे भटक्या कुत्र्याला पकडणं, नसबंदी, लस आणि पुन्हा त्याच जागी सोडणं हे पालिकेचं काम आहे. २०२० च्या हद्दवाढीत शाहूनगर पालिकेत आलं, त्यामुळे अर्ज तिकडेच जातो. पिसाळल्याचा संशय असेल तर त्याला वेगळं ठेवून तपासायचं असतं, आणि रेबीजची दाट शक्यता दिसली तर नैसर्गिक मृत्यू येईपर्यंत वेगळंच ठेवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सांगितलं की नसबंदी आणि लस झालेला कुत्रा मूळ जागी सोडावा, पण रेबीज झालेला, तसा संशय असलेला किंवा आक्रमक वागणारा सोडू नये. आक्रमक म्हणजे नेमका कसा, ते त्या आदेशात लिहिलेलं नाही. म्हणून ताई, तुमच्या कागदावर काय लिहिलंय याला वजन आहे. पकडायला येणारा माणूस मोतीला ओळखत नाही. तो तुमचा कागद वाचणार.

आणि त्या तीन अंगठ्यांना सांगा, भटकं जनावर विष घालून मारणं हासुद्धा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली ५ वर्षांपर्यंत कैद आहे. विषाचा गोळा मोतीच खाईल याचीही खात्री नसते. पार्किंगमध्ये रांगणारी मुलं आहेत, मी पाहिली.

अर्जातला ‘पिसाळल्यासारखा’ हा शब्द आजच्या आज खोडा. पिसाळलेला कुत्रा लक्षणं दिसल्यावर साधारण दहा दिवसांत मरतो. मोती वर्षभर तुमच्या डोळ्यांसमोर खातोय, पितोय. या एका शब्दाने काय होतं ते मी पाहिलं आहे.

१९९० च्या आसपासची गोष्ट, जावळी तालुक्यातली. मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत कुत्रा पिसाळल्याचा निरोप आला. मी गेलो. करड्या रंगाचा, मेंढरांमागे जाणारा कुत्रा, दावणीच्या खुंट्याला बांधलेला. तोंडातून लाळेच्या तारा, जबडा अर्धवट उघडा, सारखा पंजा तोंडावर मारत होता, पाणी गिळता येत नव्हतं. रेबीजमध्येही अगदी असंच दिसतं, म्हणून मी तोंडात हात घातला नाही. ते बरोबरच होतं, आजही मी घालणार नाही. मी म्हणालो, दहा दिवस वेगळा बांधून ठेवा, कुणी जवळ जाऊ नका. तिथल्या एका वजनदार माणसाने कागद पुढे केला, ‘साहेब, एवढं लिहून द्या, पिसाळल्याचा संशय आहे.’ संशय होताच. मी लिहून दिलं. मी गाडी चालू करून वळणापर्यंत पोचायच्या आत मागे आरडाओरडा ऐकू आला. परत आलो तर कुत्रा दगड-काठ्यांनी संपवलेला.

तपासणीसाठी डोकं काढून पाठवायचं होतं. दोन जाड हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि जबडा उघडला. वरच्या टाळूवर, दोन्ही बाजूंच्या दाढांच्या मध्ये, हाडाचा एक तुकडा आडवा पाचर मारल्यासारखा बसला होता. माझ्या करंगळीएवढा. तो चिमट्याने उपटला तेव्हा खाली टाळू सडलेला दिसला. आठवडाभर ते जनावर ते हाड काढायला पंजा मारत होतं. तपासणीत रेबीज निघाला नाही. मी ते कुणाला सांगितलं नाही. वाडीत परत जाऊन ‘माझा कागद चुकला’ असं म्हणायला हवं होतं, ते मी केलं नाही. तो मेंढरंवाला म्हातारा खुंट्याशी बसून होता, त्याने मला काही विचारलंही नाही. त्यानंतर कुठल्याही जनावरावर शिक्का मारायचा कागद पुढे आला की मला आधी ती करंगळीएवढी पाचर दिसते.

पण बाई, दुसरी गोष्टही तुम्हाला ऐकावी लागेल. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एका बंगल्यातला पाळलेला कुत्रा बघायला मला बोलावलं होतं. मालक दारातच म्हणाले, ‘काही करत नाही तो.’ शेजारची साडेतीन वर्षांची मुलगी तोवर दवाखान्यात होती, गालाचा लचका निघालेला. चौकशीत कळलं की त्याआधी तो तीन वेळा मुलांच्या अंगावर गेला होता, एकदा कपडा फाडला होता, आणि दर वेळी मालकांनी शेजाऱ्यांची समजूत काढून ते मिटवलं होतं. ना मुसकं, ना कुंपण. तो कुत्रा मुलांच्या जागेत जाऊन, हेरून चावला होता. त्या वेळी मी लिहून दिलं, कुत्रा धोकादायक आहे, मोकळा ठेवू नये. हात थरथरला नाही. आपलं जनावर माणसाला इजा करणार नाही याची काळजी न घेणाऱ्या मालकाला आजच्या न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्या मुलीच्या गालावरचे टाके मी मोजले नाहीत, मोजवले नाहीत. म्हणून ‘निरुपद्रवी आहे’ अशा दोन ओळी मी तुम्हाला लिहून देणार नाही. तुमच्या अंगावर तो येत नाही, यावरून तो दूधवाल्याच्या अंगावर येणार नाही असं ठरत नाही. तुम्ही भाकरी देता, दूधवाला कॅन वाजवत येतो.

आणि खंड्याचं म्हणाल तर माहुलीला संगमावर ती समाधी मीही लहानपणापासून पाहत आलोय. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पण खंड्याला धनी होता, आणि तो कुणाला चावला असता तर लोकांनी कुणाच्या दाराशी जायचं हे ठरलेलं होतं. मोती ‘सगळ्यांचा’ आहे म्हणता, तेव्हा तो चावल्यावर कुणाचाच राहत नाही. हे मी तुमच्यावर रागावून लिहीत नाही, बाई. रात्री दाराशी कुणीतरी आहे या आधाराची किंमत मला कळते.

आता चौथा चावा. याच्यासाठी मी दुसऱ्यांदा आलो.

पहिले तीन चावे ग्रुपवर सविस्तर लिहिलेले आहेत, फोटोंसकट. चौथ्याची एक ओळ आहे: ‘कामवालीलाही चावला.’ मावशींना सोसायटीतल्या कुणीही विचारलेलं नव्हतं. मी संध्याकाळी त्या काम आटोपून उतरल्या तेव्हा गेटाशी थांबलो आणि त्यांच्याबरोबर वळणापर्यंत चालत गेलो. त्यांनी जागा दाखवली: गेटापासून शंभरेक पावलं, जिथे विजेच्या खांबावरचा दिवा बंद आहे आणि पलीकडे चिकनचं दुकान आहे. पाच आठवड्यांपूर्वी, साडेसातच्या सुमाराला. त्यांचे शब्द तसेच देतो.

‘भुकलं बी न्हाय बगा सायेब. मागनं आलं आन् पोटरीच धरली. मी पिशवी आपटली तवा सोडलं.’

त्यांनी पदर आवरून पोटरी दाखवली. दोन खोल खड्डे, वरच्या आणि खालच्या सुळ्याचे, भरत आलेले. जागा कुत्र्याची नाही, वाडगं नाही, पिल्लं नाहीत, डिवचलं नाही, आवाज नाही. ताई, तुम्ही विचारलंत ना, कशावरून ठरवायचं? यावरून. बाकीचे तीन चावे एका बाजूला आणि हा एक दुसऱ्या बाजूला. हा मोतीने घेतला असेल तर माझं मत बदलतं. काठीने ज्याची गुरगुर गेली तो कुत्रा असा चावू शकतो, हेही मला दिसतंय.

मी विचारलं, मोतीच होता का? त्या म्हणाल्या, तांबडं होतं. त्या वळणावर मी अर्धा तास थांबलो. दुकानामागे दोन तांबडी कुत्री आहेत. एकाचे दोन्ही कान अखंड आहेत, म्हणजे त्याची नसबंदी आणि त्याबरोबरची लस झालेली नसणार. मावशींना अंधारात कान दिसला नाही, तोंड काळं होतं का तेही आठवत नाही. ग्रुपवर मात्र ते मोतीच्या नावावर चढलं.

पण त्या क्षणी मला मोतीची काळजी नव्हती. मी विचारलं, इंजेक्शनं किती झाली? दोन. पहिलं चावला त्याच रात्री, जखमेभोवती द्यायची सिरमची सुईसुद्धा मिळाली, दुसरं तिसऱ्या दिवशी. मग थांबवलं. सिव्हिलला सकाळची रांग असते, त्यांची तीन घरं सकाळची. दोन खाडे झाल्यावर एका घरातून पैसे कापले गेले. आणि सगळे म्हणत होतेच की मोती चावलाय, मोती धडधाकट आहे, मग कशाला?

यात केवढा धोका आहे तो नीट समजून घ्या. चावलेला कुत्रा ओळखीचा असेल आणि दहा दिवसांनंतरही ठणठणीत असेल, तर त्या चाव्यातून रेबीज होत नाही. मोती पाच आठवड्यांनंतर भाकरी खातोय. चावा त्याचाच असेल तर मावशी सुरक्षित आहेत. पण तो दुकानामागचा असेल, किंवा त्या रात्री रस्त्याने गेलेला तिसराच कुणी असेल, तर त्या कुत्र्याचं पुढे काय झालं हे कुणालाच माहीत नाही. रेबीजची लक्षणं माणसात दिसायला कधी आठवडे लागतात, कधी महिने, आणि एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. सतरा जणांनी न विचारता मोतीचं नाव लिहिलं आणि त्या नावाच्या भरवशावर एका बाईने औषध सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि ताई मावशींना घेऊन सिव्हिलला गेलो. कार्ड बघून तिथल्या डॉक्टरांनी कोर्स पहिल्यापासून न घेता राहिलेले डोस पुढे चालू केले. एक तेव्हाच झाला, शेवटचा या महिन्याच्या अखेरीला आहे. ही इंजेक्शनं चार वेळा असतात: पहिल्या दिवशी, मग ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दूधवाल्या मुलाने जखमेवर चुना लावला होता असं कळलं. चुना नको, हळद नको, तिखट नको. नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायचं आणि तसंच दवाखाना गाठायचा. ताईंनी मुलाला धुतलं तसं.

मोतीबद्दल माझं मत असं. आज मी त्याला खुनशी म्हणून लिहून देणार नाही. अर्ज द्या, पण दुसरा. त्यात चारही चावे तारीख, वेळ, जागा आणि आधी काय घडलं यासकट लिहा, चौथ्यापुढे ‘कुत्रा ओळखलेला नाही’ असं स्पष्ट लिहा, मोतीला रेबीजची लस पुन्हा द्यायची आणि दुकानामागची दोन्ही कुत्री पकडून नसबंदी-लस करायची विनंती करा, आणि खांबावरच्या दिव्याची तक्रार त्यालाच जोडा. वाडगं जिन्याखालून उद्याच हलवा. २०२३ च्या नियमांत खाणं देण्याची जागा सोसायटीने ठरवायची असते, जिना, येण्याजाण्याची वाट आणि मुलांची खेळायची जागा सोडून. तुमच्या मागच्या बाजूला पाण्याच्या टाकीपलीकडे तशी जागा आहे. बाईंना तिथवर चालवत नसेल तर वॉचमनने वाडगं न्यावं. बाई, वेळ ठरवा, खाणं झालं की वाडगं उचला. कोनाड्यात पत्रा लावून तो बंद करा. खुब्याचं दुखणं मी बघतो, औषध भाकरीतून देता येईल.

यानंतर मोती त्या टाकीपासून लांब, कुणी काही न करता, मागून जाऊन एकालाही चावला, तर मला कळवा. मी त्याच दिवशी येईन आणि त्याला परत इथे सोडू नये असं पत्र माझ्या सहीने देईन. बाई, तेव्हा तुम्ही मला खंड्याची आठवण करून देऊ नका.

बैठक पुढच्या रविवारी आहे असं ताईंनी कळवलं. मी येतो. मावशींचे या इंजेक्शनांपायी आतापर्यंत तीन खाडे झाले, चौथा महिनाअखेरीला होईल. ते पैसे अजून कुणी दिलेले नाहीत, मी परवाच त्यांना विचारलं. ते आधी गोळा करून त्यांच्या हातात द्या. बैठकीला त्यांनाही बोलवा, खुर्ची पुढच्या रांगेत ठेवा, आणि मोतीचा विषय त्यांचं बोलून झाल्यावर घ्या.